आपला गॅस, दुसऱ्यांचं आकाश

१६ सप्टेंबरला जागतिक ओझोन दिन असतो आणि १७ ला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या शाळांत झेंडावंदनाच्या तयारीतून उरलेला एखादा तास ओझोनच्या वाट्याला येतो. त्या तासात मुलं जे चित्र काढतात ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पृथ्वीवर धरलेली छत्री, छत्रीला पडलेलं भोक, त्यातून थेट खाली घुसणारा सूर्य आणि खाली भेगाळलेली जमीन. मोठ्यांची समजूतही फारशी वेगळी नसते. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ओझोनचा थर फाटल्यामुळे ऊन वाढलं, हे निदान पानटपरीवर ऐकू येतं तसं स्टाफरूममध्येही ऐकू येतं.

हे चित्र चुकीचं आहे आणि मला ते घातकही वाटतं. जे संकट आपल्या डोक्यावर नाही त्याची भीती ते घालतं, आणि जी जबाबदारी खरोखर आपली आहे तिच्यातून आपल्याला मोकळं करतं. ओझोन विरळ होण्याची कारणं आणि त्याचे शरीरावर होणारे परिणाम आपल्या शहरात उभं राहून पाहिले, तर वेगळीच गोष्ट दिसते. सर्वांत जास्त हानी एकीकडे झाली, तिला कारण झालेला वायू दुसरीकडे सुटला, आणि या दोन टोकांना जोडणारी वाट आपल्याच आकाशातून गेली.

संभाजीनगर साधारण १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे उष्ण कटिबंधात. वातावरणातला ओझोन मुख्यतः याच पट्ट्यात, तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर जन्माला येतो. तिथे सूर्याचे तीव्र किरण ऑक्सिजनचे रेणू फोडतात, सुटे अणू दुसऱ्या रेणूंना चिकटतात आणि ओझोन बनतो. पण तो इथे साचत नाही. वरच्या हवेचा एक संथ प्रवाह त्याला ध्रुवांकडे नेतो आणि तिकडे खाली उतरवतो. डोक्यावरचा सगळा ओझोन शून्य अंश तापमानाला, जमिनीवरच्या दाबाखाली पसरला, तर जगाच्या सरासरीने तीन मिलिमीटरचा थर होईल. आपल्याकडे तो अडीच-पावणेतीन मिलिमीटर भरतो. हा कमीपणा कोणी केलेला नाही, तो निसर्गाचाच आहे. १९६४ ते १९८० या काळाशी तुलना केली तर दोन्ही गोलार्धांत साठ अंशांपर्यंतच्या पट्ट्यात ओझोन सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास घटलेला आहे. उष्ण कटिबंधात मात्र एकूण ओझोनमध्ये नजरेत भरेल अशी घट झालेलीच नाही.

मग प्रसिद्ध छिद्र कुठे पडलं? अंटार्क्टिकावर. आणि तिथेच का, याचं उत्तर या विषयातला सर्वांत विलक्षण भाग आहे. फ्रिज, एसी, फवाऱ्याचे डबे, फोम यांत वापरलेले क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, कोणाशीही रासायनिक संयोग करत नाहीत. ते विषारी नाहीत, पेटत नाहीत, पावसात धुऊन जात नाहीत. ज्या गुणांमुळे १९३० च्या सुमारास त्यांचं कौतुक झालं, त्याच गुणांमुळे ते दशकानुदशकं हवेत टिकतात. शेरवुड रोलंड आणि मारियो मोलिना यांनी १९७४ मध्ये पुढचा प्रश्न विचारला: एवढा चिवट वायू शेवटी जातो कुठे? तो वर जातो. तिथल्या कडक अतिनील किरणांत त्याचा रेणू फुटतो, क्लोरीन सुटतं, आणि क्लोरीनचा एक अणू निष्प्रभ होण्याआधी ओझोनचे हजारो रेणू मोडून टाकतो. ध्रुवीय हिवाळ्यात दक्षिण ध्रुवावरची हवा भोवऱ्यात कोंडली जाते आणि उणे ७८ अंशांखाली जाते. तिथे बनणाऱ्या ढगांच्या कणांवर क्लोरीनची निरुपद्रवी संयुगं घातक रूप घेतात. सप्टेंबरमध्ये सूर्य उगवला की संहार सुरू होतो. हॅली बे इथल्या ब्रिटिश तळावर जो फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ऑक्टोबरचा ओझोन दोन-तीन दशकांत सुमारे तृतीयांशाने घटलेला दिसला. ते निष्कर्ष मे १९८५ मध्ये छापून आले.

आता आपल्या आकाशाचा भाग. सीएफसी कुठूनही सुटो, वर्ष-दोन वर्षांत तो खालच्या वातावरणात सगळीकडे मिसळतो. तिथून वरच्या थरात जाण्याची मुख्य वाट उष्ण कटिबंधातून आहे. इथली तापलेली हवा उंच चढते, पावसाळी ढगांच्या प्रचंड स्तंभांतून वर ढकलली जाते आणि पुढे तोच संथ प्रवाह तिला ध्रुवांकडे नेतो. म्हणजे शिकागोच्या शीतगृहातून सुटलेला वायू ध्रुवावर पोचला तो बहुतांशी आपल्यासारख्यांच्या आकाशातून. १९८७ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने वरच्या थरातली हवा गोळा करून आणली, त्यात हे वायू सापडले. ओझोन मोजण्याचं काम तर आपल्याकडे त्याच्याही आधीपासून चाललेलं होतं. के. आर. रामनाथन यांचं त्यातलं काम इतकं मोठं होतं की ते आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि हवामान खात्यात अ‍ॅना मणी यांच्या पुढाकाराने पुण्यात बलूनवरून ओझोन मोजणारं भारतीय बनावटीचं उपकरण तयार झालं. शाळेच्या चित्रात ही माणसं यायला हवीत.

उष्णतेबद्दलचा गैरसमज एका परिच्छेदात मिटतो. ओझोन ज्या किरणांना अडवतो त्या यूव्ही-बी किरणांचा जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यऊर्जेतला वाटा एका टक्क्याहूनही कमी आहे. अंग भाजल्यासारखं वाटतं, उष्माघात होतो, डांबर वितळतं ते दृश्य प्रकाश आणि अवरक्त किरणांमुळे, तापलेल्या हवेमुळे. ओझोन उद्या दुप्पट झाला तरी गंगापूरच्या रानातलं मे महिन्याचं दुपारचं तापमान उतरणार नाही.

आरोग्याचा प्रश्न मात्र एका परिच्छेदात मिटत नाही. ओझोन एक टक्का घटला तर त्वचा भाजणारे किरण साधारण एक टक्क्याहून थोडे जास्त वाढतात. हे किरण पेशींच्या डीएनएमधले शेजारचे दुवे एकमेकांना चुकीचे जोडतात. शरीर ती चूक दुरुस्त करतं, पण वर्षानुवर्षांच्या माऱ्यात काही चुका राहून जातात आणि त्यांतून त्वचेचे कर्करोग उद्भवतात. ऑस्ट्रेलियात सत्तरीपर्यंत तीनातल्या दोघांना कधी ना कधी त्वचेचा कर्करोग होतो असं तिथले आरोग्य कार्यकर्ते सांगतात. त्यातही मुख्य कारण छिद्र नाही. गोरी कातडी घेऊन आलेले लोक प्रखर उन्हाच्या देशात वसले आणि उघड्या अंगाने समुद्रकिनारी वावरले, हे आहे. छिद्रामुळे आणि मध्यम अक्षांशांवरच्या घटीमुळे त्यात भर पडली.

आपल्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत अतिनील निर्देशांक अकराच्या पुढे असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत ही शेवटची, सर्वांत तीव्र पायरी आहे. ओझोन शाबूत असतानाचं हे ऊन आहे, यादवांच्या काळातही ते असंच होतं. या उन्हाविरुद्ध इथल्या माणसाला मिळालेलं संरक्षण त्याच्या सावळ्या रंगात आहे. मेलॅनिनमुळे आपल्याकडे उन्हाने होणारे त्वचेचे कर्करोग कमी दिसतात. गोऱ्या रंगाच्या क्रीमसाठी पैसे मोजणाऱ्या समाजाला हे कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं. पण ज्यांना हे संरक्षण नाही अशीही माणसं आपल्यात आहेत. जन्मतः रंगद्रव्य नसलेली मुलं दुपारी मैदानावर उभी केली जातात. कोड असलेल्यांच्या पांढऱ्या डागांवर ऊन चटकन भाजतं. या लोकांसाठी सनस्क्रीन हे औषध आहे, ते सौंदर्यप्रसाधन समजणं चूक आहे.

आणि डोळे. डोळ्याच्या आतल्या भिंगाला त्वचेसारखं काळं होऊन स्वतःला वाचवता येत नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत मेरीलँडच्या खाडीतल्या मच्छीमारांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या डोळ्यांवर आयुष्यभरात यूव्ही-बी जास्त पडलं होतं त्यांच्यात भिंगाच्या कडेकडून सुरू होणाऱ्या मोतीबिंदूचं प्रमाण जास्त होतं. भारतात २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश मोतीबिंदूमुळे आढळलं. वय, मधुमेह, तंबाखू, कुपोषण अशी कारणं त्यामागे आहेत, पण उन्हाचा वाटाही आहे. कपाशी वेचणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, रस्त्यावर खडी टाकणाऱ्या माणसाचे डोळे तीस-चाळीस वर्षं उन्हात असतात, आणि बुबुळावर मांस वाढण्याचा त्रासही याच लोकांत जास्त दिसतो. गांधी टोपीला काठ नसतो, त्यामुळे ती डोळ्यांवर सावली धरत नाही. पुढे ओढलेला पदर थोडी धरतो. रुंद काठाची टोपी डोळ्यांवर येणारे किरण जवळपास निम्म्यावर आणते. चष्म्याची काच काळीच हवी असं नाही, ती ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवते का हे पाहायचं. वाळूजच्या कारखान्यांत कामगार घालतात त्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या चष्म्यालाही ते जमतं. शहरात स्कूटीवरून जाणाऱ्या मुली सनकोट, स्टोल आणि गॉगलने स्वतःला नखशिखान्त झाकून घेतात. त्याच वेळी पाच-दहा किलोमीटरवर शेतात राबणाऱ्या बाईच्या डोळ्यांवर काहीच नसतं. आणि ड जीवनसत्त्व तयार करायलाही हेच यूव्ही-बी लागतं, त्यामुळे झाकून घेणाऱ्यांत त्याची उणीव निघते. उन्हाच्या बाबतीत आपल्याकडे वर्गाप्रमाणे आजार वाटले गेले आहेत. रोजगार हमीच्या कामावर पाणी आणि सावली द्यावी लागते, तशी काठाची टोपी आणि चष्माही द्यावा असं मला वाटतं. ओझोनचं काहीही होवो, ही गरज खरी आहे.

इथे कोणी विचारेल: आपल्या डोक्यावरचा ओझोन शाबूत असेल, आपली कातडी आपल्याला वाचवत असेल, तर या विषयाशी आपलं देणंघेणं काय? चिलीतल्या पुन्ता आरेनासच्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या लोकांची काळजी आम्ही का करावी? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

एक उत्तर इतिहासात आहे. ओझोन वाचवण्यासाठी देशांनी केलेल्या माँट्रिअल कराराच्या लंडनमधल्या बैठकीत, जून १९९० मध्ये, तेव्हाच्या पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी भारताची बाजू मांडली. बिघाड श्रीमंत देशांनी केला आहे, तेव्हा गरिबांनी नवं तंत्रज्ञान आणायचं तर त्याचा खर्च श्रीमंतांनी द्यावा. ही मागणी न्याय्य होती. माँट्रिअल करारात दरडोई वर्षाला ०.३ किलोपेक्षा कमी वापर असलेल्या देशांना सवलत होती आणि आपण त्या रेषेच्याही खूप खाली होतो. लंडनमध्ये बहुपक्षीय निधी उभा राहिला, विकसनशील देशांची दहा वर्षांची जादा मुदत कायम राहिली आणि जून १९९२ मध्ये भारत करारात आला. त्या वेळी आपल्याच पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना घराघरातल्या वस्तू बनवत होता. देशात कुठेही बनलेल्या फ्रिजच्या नळ्यांत तेव्हा सीएफसी-१२ असे आणि भिंतींतल्या फोममध्ये सीएफसी-११. मदतीच्या जोरावर देशातले कारखाने बदलले. गोदरेजने फ्रिजसाठी हायड्रोकार्बनची वाट धरली. १ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे मुदतीच्या सतरा महिने आधी, भारताने सीएफसीचं उत्पादन थांबवलं. सूट उरली ती दम्याच्या इनहेलरसाठी लागणाऱ्या वायूला. आपण हक्क मागितला, तो मिळाला आणि शब्दही पाळला. ज्याने मदत घेऊन शब्द दिला त्याला उरलेलं काम अर्ध्यावर टाकता येत नाही.

उरलेलं काम म्हणजे आर-२२, मेकॅनिकच्या भाषेत बावीस नंबर. सीएफसीची जागा ज्या वायूंनी घेतली त्यातला हा एक. ओझोनला त्याचा उपद्रव सीएफसीच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतका, पण शून्य नाही. आपल्या देशात २०२५ पर्यंत त्याचा वापर मूळ पातळीच्या ६७.५ टक्क्यांनी कमी करायचा होता, २०३० मध्ये तो जवळपास संपायला हवा आणि जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरती थोडी सवलत २०४० पर्यंत आहे. नव्या एसीत आता बहुधा आर-३२ असतो, काहींत प्रोपेन. तरी शहरातली दुकानं, दवाखाने, मंगल कार्यालयं, कार्यालयं यांच्या भिंतींवर बावीस नंबरचे जुने एसी अजून आहेत.

उन्हाळा लागला की एसी थंड करत नाही म्हणून मेकॅनिकला फोन जातो. त्याने गळती शोधायची तर उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा, नायट्रोजनचा दाब देऊन गळती पाहायची, ब्रेझिंग करायचं, व्हॅक्यूम पंप लावायचा आणि मग वजनाने गॅस भरायचा. याला दोन-तीन तास लागतात. गिऱ्हाइकाला तो अर्ध्या तासात आणि शेजाऱ्याने सांगितलेल्या भावात हवा असतो. मग व्हॉल्व्ह उघडून उरलेला गॅस हवेत सोडला जातो, कधी नळी साफ करायला गॅसनेच फुंकली जाते, गळती तशीच ठेवून वरून गॅस मारला जातो आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच. दोष एकट्या त्या तरुणाचा नाही. आयटीआय करून किंवा कोणाच्या हाताखाली शिकून तो या कामात आलेला असतो, तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर दोरी न बांधता उभा राहतो, आणि चांगल्या कामाचे पैसे त्याला कोणी देत नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. दरवर्षी भरावा लागत असेल तर तो दरवर्षी गळतो आहे, एवढं घरमालकाला कळलं तरी निम्मी गळती थांबेल.

आणि इथे दुसरं उत्तर आहे. आर-२२ चा एक किलो हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. दीड टनाच्या स्प्लिट एसीत साधारण किलोभरच गॅस असतो. पावणेआठशे लिटर पेट्रोल जाळल्यावर जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो, तेवढा हा एक फुस्स आवाज. ओझोन आणि उन्हाळा यांचा संबंध लोक जिथे लावतात तिथे तो नाही. छिद्रातून उष्णता येत नाही, पण ज्या वायूंनी छिद्र पाडलं ते स्वतः हवा तापवतात, आणि त्या तापण्याचा मार दुष्काळाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला पुन्ता आरेनासच्या माणसाआधी बसतो. नवे वायूही या बाबतीत निष्पाप नाहीत. आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता अडवण्यात आर-२२ च्याही पुढे आहे.

या शहराला एसीवाचून राहायला सांगणं मला पटत नाही. बेचाळीस अंशांत पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गारवा हा जगण्याचा प्रश्न आहे. आपली हवा कोरडी असल्यामुळे कूलर इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो आणि त्याला गॅस लागत नाही. पण त्याला पाणी लागतं, आणि जायकवाडी जवळ असून नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात कूलरची टाकी भरणं चैनीचं होतं. पाण्याचा प्रश्न न सोडवल्यामुळे लोक एसीकडे ढकलले जातात, हे शहराच्या नियोजनात कोणी मांडत नाही. इथल्याच जुन्या पाणचक्कीला हौदाच्या खाली दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत, वरच्या पाण्याने ते भर उन्हाळ्यात गार राहतं. ज्या शहरात हे बांधलं गेलं तिथे आज पश्चिमेला पूर्ण काचेच्या भिंती लावून आत चार-चार एसी बसवले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपला वाटा नगण्य आहे, हा शेवटचा आक्षेप. माँट्रिअल करार झाला नसता तर काय झालं असतं, याचा हिशेब नासाच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडला. २०६५ पर्यंत जगातला दोन तृतीयांश ओझोन गेला असता आणि त्या जगात उष्ण कटिबंधही सुटला नसता. आज आपल्या डोक्यावरचा थर शाबूत आहे तो १९७ देशांनी आपापला नगण्य वाटा मोजला म्हणून. २०१८ मध्ये सीएफसी-११ चं उत्सर्जन पुन्हा वाढल्याचं दिसलं, तेव्हा मोजमापांवरून त्याचा माग पूर्व चीनपर्यंत लागला आणि पुढे ते उत्सर्जन घटलं. लक्ष ठेवलं तर फरक पडतो. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या आढाव्याप्रमाणे ध्रुवीय प्रदेश सोडून इतरत्र ओझोन २०४० च्या सुमारास, अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, धोरणं टिकली तर.

संभाजीनगरपुरतं बोलायचं तर पुढची दहा-पंधरा वर्षं महत्त्वाची आहेत, कारण याच काळात बावीस नंबरचे उरलेसुरले एसी भंगारात निघतील. भंगारवाला तांब्यासाठी नळी कापतो त्या क्षणी उरलेला सगळा गॅस जातो. एसी चालू असताना आउटडोअरमध्ये गॅस कोंडून घेणं, ज्याला मेकॅनिक पंपडाउन म्हणतात, काही मिनिटांचं काम आहे. महापालिका, विद्यापीठ, घाटी रुग्णालय, खंडपीठाच्या इमारती यांच्या एसी देखभालीच्या आणि निर्लेखनाच्या निविदांत दोन अटी घालता येतील: गॅस काढून घेतल्याची वजनासह नोंद आणि प्रशिक्षित मेकॅनिक. रिकव्हरी मशीन एकेका दुकानदाराला परवडत नाही, म्हणून ती आयटीआयमधून किंवा मेकॅनिकांच्या संघटनेकडून भाड्याने मिळावीत आणि गोळा झालेला गॅस शुद्ध करून परत विकत घेण्याची सोय वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत असावी. गॅसला परतीची किंमत आली तर तो कोणी हवेत सोडणार नाही. तांबं कोणी फेकतं का?